दहापैकी दोन

माझा स्वभाव भांडकुदळ आहे, हे घरातल्यांनी मी शाळेत जायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. अमरावतीच्या बाहेर आमचा झेंडूचा आणि भाजीचा मळा, आणि बाजारात आईची बसायची ठरलेली जागा. ती जागा कोणी वीतभर जरी सरकवली तरी आई गप्प बसायची आणि मी, चार वर्षांची, त्या माणसाच्या अंगावर धावून जायची. "हे पोट्टी कोनावर गेली काय मालूम," आई म्हणायची. आई स्वतः कशाचीच तक्रार करायची नाही. खुरपं बोटावर आलं तर चिंधी बांधायची, गुडघा सुजला तर रुईचं पान शेकून लावायचं आणि पुन्हा वाफ्यात उतरायचं. आपल्या आईला दुखतच नाही, असं मला बारावीपर्यंत प्रामाणिकपणे वाटत होतं. पुढे मी भूलतज्ज्ञ झाले, दुखणं थांबवणं हाच धंदा पत्करला, तरी ते बरीच वर्षं वाटत राहिलं.

भूलतज्ज्ञ नेमकं काय करतो हे लोकांना माहीत नसतं. ऑपरेशन झालं की नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात, पेढे सिस्टरांना मिळतात आणि आम्ही मागच्या दाराने चहाला जातो. त्याचं मला काही नाही. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दुखणं ही सोसायची गोष्ट आहे आणि जो जास्त सोसतो तो जास्त भला माणूस, असं आपल्याकडे सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय, त्याचा. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते, लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगते. ज्याला जेवण कडू लागेल त्याने दुसऱ्या पंगतीला बसावं.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी अकोल्यातल्या एका रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होते. तेल्हाऱ्यापासून पातूरपर्यंत सगळीकडून खुबा मोडलेली म्हातारी माणसं आमच्याकडे यायची. कोणी ओल्या मोरीत घसरलेलं, कोणी शेळीच्या दाव्यात पाय अडकून पडलेलं. खुब्याच्या ऑपरेशनला कमरेखालचं अंग बधिर करतात. त्यासाठी पाठीत, मणक्यांच्या मधे सुई द्यावी लागते, आणि सुई देण्यासाठी माणसाला टेबलावर उठवून, पाठ वाकवून बसवावं लागतं. मोडलेल्या खुब्यावर. सर्जन आले की एकच शब्द म्हणायचे, "बसवा." मग दोन वॉर्डबॉय, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, खांद्यांना धरायचे, एक सिस्टर पाय सांभाळायची, आणि मी डोकं छातीशी घेऊन म्हणायची, "दोन मिनिटं, आजी, दोनच मिनिटं." आजी ओरडायच्या. आजोबाही ओरडायचे. ती दोन मिनिटं होती हे खरं, पण ती मोजत कोण होतं? पहिल्या वर्षात मी ते वाक्य इतक्यांदा म्हटलं की मला स्वतःच्याच आवाजाचा वीट आला.

उपाय काही नवा नव्हता. पुस्तकात होता, मोठ्या शहरांत रोज होत होता. पोटाच्या खालच्या बाजूने मांडीकडे जाणाऱ्या नसा असतात, त्यांच्याभोवती बधिर करायचं औषध सोडलं की पंधरा-वीस मिनिटांत खुब्याचं दुखणं बरंचसं शांत होतं. मग माणसाला सावकाश बसवता येतं. याला आम्ही नुसतं 'ब्लॉक' म्हणतो. नस बघायला सोनोग्राफीचं मशीन असलं तर उत्तम. आमच्याकडे ते क्ष-किरण विभागात कुलपात होतं. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे कोणी पाहू नये म्हणून जो कायदा आहे, त्यापायी ते मशीन जागचं हलवायची सोय नव्हती. कायद्याशी माझं भांडण नाही, मुलगी आहे मी. पण मशीन नाही म्हणून गप्प बसणं मला जमणारं नव्हतं. मशीनच्या आधी माणसं हाताने करायचीच की. जांघेत ठरावीक जागी बोथट सुई उभी घालायची. कांद्याच्या पापुद्र्यासारखे दोन थर असतात, त्यांतून सुई जाताना बोटांना दोनदा टप्पकन जाणवतं. दुसऱ्या टप्पनंतर थांबायचं. मी ते शिकले. माझ्या गाईड मॅडमनी बाजूला उभं राहून, कपाळाला आठ्या घालून शिकवलं.

हाच माझा प्रबंध ठरला. निम्म्या पेशंटना बसवण्याआधी ब्लॉक द्यायचा, निम्म्यांना नेहमीसारखं शिरेतून वेदनाशामक, आणि बसवताना कोणाला किती दुखलं ते मोजायचं. कोणाला काय द्यायचं हे मी ठरवायचं नाही, बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरवायचं. माझ्या आवडीनिवडीला जागा राहू नये म्हणून संशोधनात तशी रीत असते. दुखणं मोजायचीही रीत होती: शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारं, मधला आकडा पेशंटने सांगायचा. टेबलावर बसवताना कोणी आकडा सांगायच्या स्थितीत नसायचं. म्हणून आदल्या दिवशी पाय हलवल्यावरचा आकडा आणि ऑपरेशननंतर दुपारी बसवतानाचा, असे दोन्ही मी खाटेपाशी जाऊन विचारायची. दोन्ही वेळा त्याच कागदावर खाली नातेवाइकाची सही लागायची, तेव्हा मी दोन्ही कामं एका फेरीत उरकायची. नातेवाइकाच्या हातात पेन द्यायचं, पेशंटला आकडा विचारायचा. माझी ही युक्ती मला फार हुशारीची वाटली होती.

पुरुष आकडा सांगायला उदार होते. बायको पाय चेपत असायची, आणि आजोबा डोळे मिटून म्हणायचे, "दहा. अकरा असन तर अकरा लिहा." ज्यांना ब्लॉक मिळाला होता ते म्हणायचे तीन, चार. बायका मात्र सगळ्या एकाच शाळेत शिकल्यासारख्या. "काई नाई, थोडंसं दुखलं." आकडा सांगा ना आजी. "दोन लिहा, बाई." ब्लॉक दिलेली म्हणायची दोन, न दिलेलीही म्हणायची दोन. आणि मी लिहीत होते. सकाळी जिचं डोकं माझ्या छातीशी होतं, जिच्या ओरडण्याने बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली होती, तिच्या नावापुढे मी दुपारी माझ्या हाताने दोन लिहीत होते. आज हे सांगताना कानशिलं तापतात. तेव्हा मात्र पेशंट सांगतो तेच लिहायचं, हा नियम मी पाळत होते आणि नियम पाळल्याचं समाधान मिळवत होते.

निम्मं काम झाल्यावर विभागात मला ते मांडून दाखवावं लागलं. हाडांचे सर आले होते. मोठा माणूस, हात सोन्यासारखा, आणि जीभ करवतीसारखी. त्यांनी तक्ता पाहिला आणि हसले. "हे बघा. पुरुषांना फायदा दिसतोय, बायकांना काहीच फरक नाही. वऱ्हाडातली बाई काटक असते. तिला तुमचं हे वीस मिनिटांचं नाटक कशाला पाहिजे? पुरुषांना द्या ब्लॉक, बायकांना बसवा." खोलीत सगळे हसले. आणि खरं सांगते, मीही थोडी हसले. माझ्या डोळ्यांसमोर आई आली, बोटाला चिंधी बांधून झेंडू तोडणारी. काटक हा शब्द मला तेव्हा कौतुकाचा वाटला. सर म्हणाले की थिएटरमध्ये आतापासूनच तसं सुरू करता येईल, प्रबंध छापून आला की कोणी विचारणारही नाही. माझ्या कागदाच्या जोरावर आमच्या थिएटरात पुढे येणारी प्रत्येक बाई मोडलेल्या खुब्यावर बसवली जाणार होती, आणि खाली माझी सही असणार होती.

त्यानंतर आठवडाभरात तेल्हाऱ्याकडची एक बुढी आली. किडकिडीत, डोक्यावरून पदर, कपाळावर गोंदण. शेळीच्या दाव्यात पाय अडकून पडलेली तीच. सोबत मुलगा होता, पन्नाशीचा, धिप्पाड, आणि बुढीपेक्षा तोच जास्त घाबरलेला. मी खाटेपाशी गेले, माहिती दिली, मुलाने सही केली. आता पाय हलवला तर किती दुखतं, मी विचारलं. बुढी मुलाकडे बघून म्हणाली, "काई नाई बाई. दोन लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला थिएटरच्या बाहेरच्या खोलीत आणलं. मुलगा रक्ताच्या पिशवीसाठी खाली गेला होता. मी तिच्या समोर पाकीट फाडलं. चिठ्ठीवर ब्लॉक नव्हता, शिरेतलं औषध होतं.

"काय निंघालं वं?" तिने विचारलं.

मी सांगितलं की पायातल्या नसेचं इंजेक्शन नाही, दुसरं औषध देऊ, मग बसवू.

"मंग बसवतानी दुखन का?"

"थोडं दुखेल, आजी. दोन मिनिटं."

तिने माझं मनगट धरलं. त्या बारीक हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "आयक, बाजूच्या खाटंवरल्या बाईनं मले सांगतलं हाये समदं. तू मले येड्यात काढू नको. खरं सांग."

मी उलट तिलाच विचारलं, "पण तुम्हीच काल म्हणालात ना, दोन?"

"थे पोराच्या समोर सांगतलं." ती दाराकडे बघून हळू बोलायला लागली. "थो मनानं भलता कच्चा हाये. मी बोंबलली असती तं म्हनला असता, आपरेशन नको, घरी चला, हाडवैद्याकडून बांधून घेऊ. मंग मी जलमभर खाटंवर. सुनंनं माही धुनी धुवावी काय? मले माह्या पायानं मोरीत जायचं हाये. म्हून दोन सांगतलं."

"मग खरा आकडा किती?"

"दहा."

"दहा?"

"तुये आकडे दहावरच संपते, त्याले मी काय करू?"

माझ्या फायलीतल्या सगळ्या बायका एकेक करून समोर यायला लागल्या, आणि प्रत्येकीच्या खाटेच्या पायथ्याशी एक माणूस उभा होता, हातात मी दिलेलं पेन घेऊन. मुलगा, नवरा, दीर, सासू. मी वऱ्हाडातलीच. आमच्याकडे बाई कोणासमोर काय बोलते आणि काय गिळते हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. आणि मी चारचौघांत, घरातल्या माणसांसमोर विचारत होते, आजी, किती दुखतं? मला भयंकर राग आला. तो राग सरांवर नव्हता, माझ्यावरच होता.

संशोधनातून पेशंटला कधीही बाहेर पडता येतं, तो त्याचा हक्क असतो. मी तिला ते सांगितलं. म्हटलं, तुम्ही फक्त म्हणा की मला यात राहायचं नाही.

"मंग निंघाली मी त्याच्यातून," बुढी म्हणाली. "आता दे थे इंजेक्शन."

मी फॉर्मवर 'रुग्णाने माघार घेतली' असं लिहिलं, सिस्टरला ट्रे आणायला सांगितला आणि गाईड मॅडमना फोन करून कळवलं. विचारलं नाही, कळवलं. मॅडम म्हणाल्या, "सुई नीट धर." बुढीला आत टेबलावर घेतलं आणि जांघेत बोटाने जागा शोधली. पहिला टप्प. दुसरा टप्प. औषध हळूहळू सोडलं. तेवढ्यात सर हात धुऊन आले.

"अजून बसवली नाही?"

"ब्लॉक दिलाय, सर. वीस मिनिटं लागतील."

"चिठ्ठीत ब्लॉक होता?"

"नव्हता. त्यांनी माघार घेतली."

सरांनी माझ्या हातातला फॉर्म खेचला. "इथे तुझ्याच अक्षरात दोन लिहिलंय. दहापैकी दोनला ब्लॉक देतेस? माझ्या दिवसाची वाट लावायची ठरवलीय का?"

"तो फॉर्म खोटा आहे, सर."

"कोणी भरलाय?"

"मी."

मामा छताकडे बघायला लागले. सर म्हणाले, "पेशंट बसवा." मी म्हटलं, "वीस मिनिटं झाल्यावर. तोवर कोणी हात लावायचा नाही." माझा आवाज चिरकला होता हे मला चांगलं आठवतं. शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात; टेबलाला टेकून उभी होते. सर स्टूल ओढून बसले. मला वाटतं, त्यांना स्टूलवर बसवणारं मीच पहिलं माणूस असेन.

वीस मिनिटांनी मी बुढीला म्हटलं, चला, उठायचं. मामा नेहमीच्या सवयीने खांदे धरायला आले. तिने त्यांचे हात बाजूला केले. दोन्ही तळवे टेबलावर टेकवले, दात दाबले, माझ्या आधाराने सावकाश उठली आणि बसली. ओरडली नाही. अगदीच काही दुखलं नाही असं नाही; कपाळावर घाम होता. पण बसली, आणि बसल्या बसल्या डोक्यावर पदर नाही म्हणून थिएटरच्या टोपीवरून हात फिरवून चाचपायला लागली. सर स्टूलवर होते. त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "तुमी काहून चिडून राह्यले, भाऊ? उपाशी हा काय?" सिस्टर तोंड फिरवून हसली. मी पाठीत सुई दिली. पहिल्याच प्रयत्नात गेली, कारण माझ्यासमोर कोणी तडफडत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मी गाईड मॅडमच्या खोलीत जाऊन म्हटलं की बायकांचे सगळे फॉर्म रद्द करायचे आहेत. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एका आजीने सांगितलं म्हणून सगळ्या खोट्या?" प्रश्न बरोबर होता. म्हणून मी वॉर्डात गेले, ज्या बायका अजून दाखल होत्या त्यांच्याशी एकेकटीने बोलले, नातेवाइकांना चहाला पिटाळून. एक हसायलाच लागली, म्हणाली, भासरे, म्हणजे मोठे दीर, उभे होते, त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही आमी. एक म्हणाली, सासू म्हणाली असती की नाटकं करते. एकीला वाटलं होतं, जास्त आकडा सांगितला तर जास्त इंजेक्शनं देतील. आणि एक म्हणाली, "नाई बाई, मले खरंच दोन होतं." तिचंही मी लिहून घेतलं. तिला तरी मी कोणत्या तोंडाने खोटी ठरवू?

मॅडमनी सगळं वाचलं. त्या म्हणाल्या, आता नुसतं खाडाखोड करून चालणार नाही, संशोधनाच्या समितीकडे नव्याने अर्ज करावा लागेल, पद्धत बदलावी लागेल, पहिल्यापासून पेशंट घ्यावे लागतील. तुझी परीक्षा हुकेल. "नाहीतर," त्या म्हणाल्या, "आहे ते सादर कर. असे कितीतरी प्रबंध कपाटात पडून असतात, कोणी उघडत नाही." त्या मला चुकीचं करायला सांगत नव्हत्या, किंमत सांगत होत्या. मी म्हटलं, हाडांचे सर उघडतील. ते बायकांना बसवतील आणि माझं नाव घेऊन बसवतील. मॅडमनी चष्मा घातला आणि म्हणाल्या, अर्ज आजच लिही, उद्या तुझा राग उतरेल. माझा राग अजून उतरलेला नाही, पण अर्ज मी त्याच दिवशी लिहिला.

परीक्षा हुकली. सोबतची मुलंमुली पास होऊन गेली आणि मी त्याच वॉर्डात, त्याच चपला घालून फिरत राहिले. आईला फोनवर सांगितलं. "काहून वं, नापास झाली काय?" मी म्हटलं नाही, परीक्षेला बसलेच नाही. आईने बाजारात शेजारणींना काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण पुढच्या दिवाळीला तीन बायकांनी माझी समजूत घातली. विभागात माझं नाव 'दहापैकी दोन' पडलं. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत नव्हते. ज्याने म्हटलं त्याला थांबवून, त्यामागची सगळी गोष्ट ऐकवत होते. हळूहळू लोकांनी म्हणायचं बंद केलं.

नवी पद्धत साधी होती. सही वेगळ्या वेळी, वेगळ्या कागदावर. आकडा विचारताना पेशंटशिवाय खोलीत कोणी नाही. पाय हलवताना चेहरा कसा होतो, स्वतः बसता येतं की धरावं लागतं, तेही लिहायचं. वॉर्डाच्या दाराला मी पाटी लावली, 'नातेवाईक बाहेर'. मुलगे भांडले, नवरे भांडले, एक सासू तर माझ्या गावाचं नाव विचारून गेली. मी दारात उभी राहून सगळ्यांशी भांडले, त्याचा मला सराव होताच. आणि आत बायका बोलायला लागल्या. आठ म्हणाल्या, नऊ म्हणाल्या, काही आकडा न सांगता नुसत्या रडल्या. बायकांनाही ब्लॉकचा फायदा होत होता, पुरुषांसारखाच. मी कसलाही शोध लावला नव्हता. इतकी वर्षं जे कोणीही विचारू शकलं असतं ते मी दार लोटून विचारलं होतं, एवढंच.

सरांनी कधी माफी मागितली नाही. पण प्रबंध मंजूर व्हायच्या आधीच ते थिएटरात येऊन विचारायला लागले, "ब्लॉक झाला का?" आणि नव्या विद्यार्थ्यांना तो आपलाच नियम असल्यासारखा समजावून सांगायचे. मी ते ऐकत उभी राहायची. त्या एका बाबतीत मी भांडले नाही.

आता मी जठारपेठेत राहते, अकोल्यात तीन-चार ठिकाणी भूल द्यायला जाते, आणि कुठेही गेले तरी आधी नातेवाइकांना बाहेर काढते. ही गोष्ट मी आईला किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. तिला बुढीचं वाक्य पाठ होतं. भाजी निवडता निवडता ती स्वतःशीच म्हणायची, "तुये आकडे दहावरच संपते," आणि हसायची.

गेल्या हिवाळ्यात भावाचा फोन आला. तो नांदगाव पेठेच्या कापड गिरणीत कामाला आहे. फोनवर गिरणीचा आवाज होता, त्यामुळे तो ओरडून सांगत होता की आई मळ्यात पाण्याच्या दांडावर घसरली आणि खुबा गेला. मी हातातलं काम दुसऱ्याला देऊन निघाले. मूर्तिजापूर कधी गेलं आणि बडनेरा कधी आलं मला कळलं नाही. अमरावतीच्या रुग्णालयात पोचले तेव्हा आई स्ट्रेचरवर होती, केसांत झेंडूची एक पाकळी अडकलेली, आणि चेहरा नेहमीसारखा. तिथला भूलतज्ज्ञ कोवळा पोरगा होता, माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा नसला तरी मला तसा वाटला.

"आई, किती दुखतंय?" त्याने तिला विचारलं. "शून्य म्हणजे काहीच नाही..."

"मालूम हाये," आई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं. "काई नाई बापू. दोन लिह."

मी तिच्यावर ओरडलेच. "आई! सगळी गोष्ट माहीत आहे ना तुला? माझ्यासमोर तरी खरं सांग."

"खरंच सांगून राह्यली. तू उगाच कालवा करू नको."

पोराने फाईल मिटली आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी म्हटलं, मी भूलतज्ज्ञ आहे. मी म्हटलं, हे काम तुझ्या जन्माआधीपासून नसेल, पण तू शाळेत होतास तेव्हापासून करतेय. मी म्हटलं, ही माझी आई आहे. "म्हणूनच, मॅडम," तो म्हणाला. "नातेवाईक बाहेर." तो मागे हटेना. मी भांडत राहिले, आवाज चढला, शेजारच्या खाटेवरची माणसं वळून बघायला लागली. शेवटी आईनेच हात उचलला आणि दाराकडे बोट केलं. लहानपणी बाजारात मी कोणाच्या अंगावर गेले की असंच बोट करायची, घरी जाय म्हणून.

मी बाहेर आले. दार माझ्या मागे लागलं. आत त्याचा हळू आवाज. मग आई ओरडली. पाय हलवून पाहिला असेल त्याने. "माय वं, मेली वं, नाई सहन होत, नाई सहन होत रे बापू," असं ओरडली, आणि मग रडायला लागली, हुंदके देऊन, मोठमोठ्याने. चाळिशीला टेकले मी. माझ्या आईचं रडणं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते, आणि ती ते ज्याच्यासमोर रडत होती त्याचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी बायकांच्या खाटेपाशी उभ्या माणसांना बाहेर काढत होते, आणि आमच्या घरात ते माणूस मी होते.

माझा हात कडीवर गेला होता. आत जावं, तिचं डोकं छातीशी घ्यावं असं इतकं वाटलं की बोटं दुखायला लागली. मी गेले नाही. मी आत पाऊल टाकलं असतं की ती पुन्हा दोन म्हणाली असती. आतून पोराचा आवाज आला, सिस्टर, ब्लॉकचा ट्रे घ्या. मी कडीवरचा हात काढला आणि समोरच्या बाकावर, नातेवाईक बसतात तिथे, जाऊन बसले.